अळणीची वाटी

भिगवण

चि. सौ. छकुलीस,


परवा तुझा फोन ठेवला, पण मनातून गेला नाही. बाळ तीन वर्षांचा झाला तरी वरणभातापलीकडे जात नाही, आणि "भिगवणच्या पोरीचं पोरगं, अन् तिखट खात नाही?" असं तुला ऐकावं लागतं. म्हणणाऱ्यांना म्हणू दे. तिखट खाण्यात कसली आलीय मर्दुमकी!

माझा धाकटा चार वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. एका पाहुण्यांनी गंमत म्हणून त्याच्या घासात ठेचा लपवला. पोरगं थयथय नाचलं, सगळे हसले. मीही हसले, त्याची अजून लाज वाटते. पुढं वर्षभर त्यानं लाल दिसेल त्याला तोंड लावलं नाही, बिटाच्या कोशिंबिरीलासुद्धा. जीभ तासाभरात थंडावली. वाढणाऱ्या हातावरचा भरवसा मात्र लवकर परत आला नाही.

आपल्याकडची जुनी रीत आठव. मटण आधी हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवायचं आणि मसाला पडायच्या आत पोरांची वाटी काढून घ्यायची. ते अळणी. (नावाला अळणी, मीठ असतंच.) त्यात बाजरीची भाकरी कुस्करून दे. लसणाचा, आल्याचा चटका आधी ओळखीचा होऊ दे. काही आठवड्यांनी त्याच वाटीत चमचाभर रस्सा घाल, पण तर्री बाजूला सारून, पळीनं खालचा. मिरचीतलं जे झोंबतं ते कॅप्सेसिन तेलात उतरतं, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून सगळा जाळ वरच्या तवंगात असतो. आणि म्हणूनच तोंड भाजलं की पाणी पाजून उपयोग नाही, दूध नाहीतर दही दे. हिरवी मिरची घालायची तर आतली पांढरी शीर काढून टाक, खरा तिखटपणा तिथं असतो. बिया उगीच बदनाम.

माशाचं म्हणशील तर पोरं तिखटापेक्षा काट्याला भितात. रोहू-कटला तूर्त राहू दे. मरळीचा तुकडा हळद-मीठ लावून तव्यावर टाक, आणि तरीही बोटांनी चाचपूनच भरव.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. 1980 मध्ये, म्हणजे आपलं उजनी धरण पुरं झालं त्याच साली, पॉल रोझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं मेक्सिकोतल्या एका खेड्यावरचा अभ्यास छापला. तिथली पोरं लहानपणी तिखट खात नाहीत, कुणी बळजबरीही करत नाही. पाच-सहा वर्षांची होईतो आपणहून मागू लागतात. आणि तिथली कुत्री-डुकरं? रोज तिखट खरकटं खाऊनही, समोर दोन्ही ठेवलं तर बिनतिखटच घेतात. म्हणजे नुसतं पोटात जाऊन गोडी लागत नाही. मोठ्यांना चवीनं खाताना बघावं लागतं.

तू काय करतेस? बाळाला सातलाच मोबाइल दाखवून भरवतेस, आणि तुम्ही दोघं नऊला जेवता. मग त्यानं रस्सा मागायचा कुणाकडं बघून? त्याला तुमच्या पंगतीला घे. ताट वेगळं असलं तरी चालेल, वेळ एकच हवी. तो तुझ्या ताटाकडे हात लांबवील, तेव्हा "तिखट आहे हं" एवढंच सांग आणि भाकरीचं टोक बुडवू दे. थुंकलं तर थुंकू दे. हसू नकोस, शाबासकीही देऊ नकोस. पोट बिघडलं किंवा तोंड आलं तर आठ-दहा दिवस सगळं बंद.

जावईबापूंना सांग, त्यांच्यासाठी चिलापी तळून ठेवीन. जानेवारीत सगळेच या. कुंभारगावला होडीतून रोहित पक्षी बघू. बाळाची वाटी मी मसाला पडायच्या आधी झाकून ठेवीन. माझ्या ताटातलं मागितलं तर तेही देईन, तू मध्ये बोलू नकोस.

तुझी,
मावशी