भेंडीचा वाफा आणि हिशोबाची वही

ठाणे शहरात नौपाडा नावाचा भाग आहे. तेथे आज शेते नाहीत. घरे आहेत, दुकाने आहेत. पण भाजी घरोघर लागते. जवळच गावदेवीची मंडई आहे. तेथे विकली जाणारी भाजी पिकते ती आपल्यासारख्यांच्याच शेतात.

मुरबाड-शहापूरकडे भात निघाल्यावर पाण्याची सोय असेल तेथे भेंडी लावतात. आपणही पाच गुंठ्यांत लावून पाहू. पाच गुंठे म्हणजे एकराचा आठवा हिस्सा.

सगळी जागा एकाच दिवशी पेरू नये. निम्मी आज पेरावी, निम्मी पंधरा दिवसांनी. म्हणजे सगळा माल एकदम येत नाही. एखाद्या आठवड्यात भाव पडला, तरी आपण पुरते बुडत नाही.

भेंडीची पाने पिवळी पडतात, त्या रोगाला हळद्या म्हणतात. पांढरी माशी तो पसरवते. रोगट झाड दिसले की उपटून टाकावे.

सुमारे दीड-दोन महिन्यांनी तोडा सुरू होतो. मग एक दिवसाआड तोडलीच पाहिजे. आज राहिलेली भेंडी दोन दिवसांत जून होते. जून भेंडी कोण घेणार? औषध फवारले असेल, तर डब्यावरचा कागद वाचा. किती दिवस तोडा करू नये, ते त्यावर लिहिलेले असते. तेवढे दिवस थांबावेच. ती भाजी कुणाची तरी मुले खाणार आहेत.

आता विक्री. 2016 साली सरकारने कायदा बदलला. तेव्हापासून बाजार समितीच्या आवाराबाहेर भाजी विकायला मोकळीक आहे. सावता माळी यांच्या नावाने शेतकऱ्यांचे आठवडी बाजारही सुरू झाले. पण शहरात माल नेला म्हणजे फायदा झालाच, असे नाही. वही काढू या. आकडे समजण्यापुरते आहेत.

समजा, 20 किलो भेंडी नेली. 30 रुपये किलोने 600 रुपये आले. भाडे, हमाली मिळून 160 गेले. उरले 440. गावातच व्यापारी 22 रुपये देत होता. 20 किलोचे किती? 440 च! मग दिवसभराची दगदग कशाला केली?

आता पाच घरांनी मिळून माल पाठवला. एका टेम्पोला सगळा खर्च 400 रुपये. प्रत्येकाच्या वाट्याला 80. म्हणजे हाती 520 रुपये. शिवाय पाळीपाळीने एकानेच जायचे. बाकीचे चौघे शेतावर राहतील.

पाटी-पेन्सिल धरून आपण आकडे शिकलो, ते याचसाठी. तोंडी हिशोब संध्याकाळपर्यंत विसरतो. वहीतला राहतो.

सोडवा : टेम्पोचा खर्च 500 रुपये झाला, तर प्रत्येकाच्या हाती किती उरतील?