लाल महालातला अंधार शूट कसा करायचा?

५ एप्रिल १६६३ ची रात्र. पुण्याच्या लाल महालात शाहिस्तेखान मुक्कामाला आहे, रमजानचा महिना चालू आहे आणि शिवाजी महाराज निवडक माणसं घेऊन आत शिरतात. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. खानाची बोटं तुटली, तो वाचला, महाराज निसटले. पण या प्रसंगात महाराजही आणि खानही ज्याच्यामुळे सुटले तो म्हणजे अंधार! गडबडीत आतले दिवे विझवले गेले, असं इतिहासकार लिहितात. आता हाच प्रसंग मालिकेत लग्नाच्या हॉलसारखा लख्ख दिसला, तर घरी बघणारं पोरगं विचारणारच, "पहारेकऱ्यांना दिसलं कसं नाही?" प्रश्न अगदी बरोबर आहे. म्हणून मला वाटतं, ऐतिहासिक मालिकेत कॅमेरामनवर लेखकाइतकीच जबाबदारी असते.

मित्रांनो, आता थोडं फिजिक्स. (पळू नका, बारावीचंच आहे.) अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो. मावळ्याच्या हातातली मशाल त्याच्या चेहऱ्यापासून १ फुटावर आणि मागची भिंत मशालीपासून ८ फुटांवर असेल, तर भिंतीवर चेहऱ्याच्या १/६४ उजेड पडतो. आपला डोळा हे सांभाळून घेतो. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याला ते झेपत नसे. चेहरा बरोबर घेतला की भिंत काळी ठिक्कर, भिंत दाखवली की चेहरा पांढरा फटक. आजचे डिजिटल कॅमेरे बरेच पुढे गेलेत, पण मशाल धरणाऱ्याच्या मागे आख्खा महाल दाखवायचा तर अजूनही युक्ती लागतेच.

युक्ती अशी. मशाल फ्रेममध्ये असते ती प्रेक्षकाला 'उजेड इथून येतोय' हे पटवण्यापुरती. खरा उजेड फ्रेमच्या बाहेरून, त्याच दिशेने, केशरी जिलेटिन लावलेल्या दिव्यातून येतो. ज्योत थरथरते, म्हणून तो दिवाही डिमरवर हलका कमी-जास्त करतात. इथे टंगस्टनचा दिवा फार कामाचा. करंट कमी केला की फिलामेंट थंड होते आणि उजेड आपोआप तांबूस होतो, अगदी ज्योतीसारखा. एलईडी नुसता मंद होतो, रंग वेगळा सेट करावा लागतो.

रंगाचंही गणित आहे. ज्योतीचं कलर टेंपरेचर साधारण १९०० केल्व्हिन, स्टुडिओतल्या टंगस्टनचं ३२००, भर दुपारच्या उन्हाचं ५६०० च्या आसपास. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ३२०० वर ठेवला की ज्योत केशरी येते आणि खिडकीतून सोडलेला ५६०० चा उजेड निळा. तेच सिनेमातलं चांदणं! खरं चांदणं म्हणजे परावर्तित ऊनच, ते निळं नसतं. पण कमी उजेडात आपला डोळाच निळ्याकडे झुकतो, त्यामुळे ही थाप खपून जाते.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. 'टेंभा' मला फक्त 'टेंभा मिरवणे' मधून माहीत. लामणदिवा, कोनाडा हे शब्द मालिकांनी शिकवले. कोनाडा तर कॅमेरामनचा खास दोस्त. आत पणती दिसते, पणतीच्या मागे छोटा बल्ब लपलेला असतो. म्हणजे भिंत बांधतानाच कलादिग्दर्शक आणि कॅमेरामन यांचं बोलणं व्हायला हवं. मूळचे आपल्या दापोलीचे नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये कर्जतजवळ स्टुडिओ उभा केला आणि २००८ मध्ये स्टार प्रवाहवर 'राजा शिवछत्रपती' ही मालिका आणली. निर्माता स्वतःच कलादिग्दर्शक, हा योग आपल्याकडे विरळाच.

मग सगळ्याच मालिकांत अंधार का दिसत नाही? कारण वेळ. आठवड्याला ६ भाग, प्रत्येकी २०-२२ मिनिटं, म्हणजे जवळजवळ रोज एक भाग हातावेगळा करायचा. प्रत्येक शॉटला दिवे हलवायला सवड कुठली? मग वरूनच सगळीकडे सारखा उजेड सोडतात. दोन-तीन कॅमेरे कुठूनही फिरवा, चेहरे दिसतात. सोय म्हणून हे समजू शकतं, पण यात रात्र मरते, आणि निदान छाप्याच्या, वेढ्याच्या भागांना तरी हा हिशोब लावू नये.

टीव्हीवर हे जमतच नाही असं कोणी म्हणालं, तर व्ही. के. मूर्ती यांचं नाव सांगा. 'कागज के फूल' (१९५९) मध्ये आरसे लावून स्टुडिओत खऱ्या उन्हाचा झोत आणणारे हेच ते. श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज' (१९८८, दूरदर्शन, ५३ भाग) चं छायाचित्रणही त्यांचंच. शिवाजी महाराजांवरच्या भागांत नसीरुद्दीन शाह महाराज आणि ओम पुरी औरंगजेब. बजेट सिनेमाचं नव्हतं, पडदा छोटा. एकदा आवाज बंद करून ते भाग बघा आणि प्रत्येक फ्रेममध्ये उजेड कुठून येतोय ते बोटाने दाखवा. मूर्तींना २००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. तो मिळालेले ते पहिले छायाचित्रकार.

प्रॅक्टिकल करायचं असेल तर होस्टेलमध्येही जमतं. रूममध्ये मेणबत्ती चालत नाही, म्हणून एका मोबाईलच्या टॉर्चवर गॅदरिंगमधून उरलेला केशरी जिलेटिन पेपर लावा आणि तो मोबाईल पुस्तकांमागे लपवा. दुसऱ्या मोबाईलच्या कॅमेऱ्यात प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्स ३२०० वर लॉक करा, ऑटोवर तो केशरीचं पांढरं करून टाकेल. ट्यूब बंद. रूम पार्टनरला शाहिस्तेखान करा आणि टॉर्च आधी १ फुटावर, मग २ फुटांवर ठेवून दोन फोटो काढा.