घरगुती प्रवाळ-मत्स्यालयाची आखणी

घरी सागरी मत्स्यालय मांडू इच्छिणारा मनुष्य बहुधा प्रथम मासे निवडतो, मग त्यांना शोभतील अशी प्रवाळे पाहतो आणि दिव्याचा विचार सर्वांत शेवटी करतो. हा क्रम नेमका उलटा आहे. आरंभ दिव्यापासून का करावा, हे समजण्यासाठी प्रवाळ जगतो कसा, हे प्रथम पाहिले पाहिजे.

प्रवाळ हा प्राणी आहे. परंतु भित्ती रचणाऱ्या प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म, एकपेशीय शैवले वस्ती करून असतात. ती प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात व त्यातील मोठा वाटा यजमानास देतात. यजमान त्यांना आसरा देतो आणि स्वतःच्या शरीरातील टाकाऊ नत्रयुक्त द्रव्ये पुरवितो. टॉमस गोरो या शास्त्रज्ञाने जमैकात किरणोत्सर्गी कॅल्शियम वापरून प्रयोग केले व १९५९ साली असे दाखवून दिले की, अंधारापेक्षा उजेडात प्रवाळाचा चुनखडीचा सांगाडा कित्येक पटींनी वेगाने वाढतो. तेव्हा दिवा ही येथे शोभेची वस्तू नव्हे. प्रवाळाचे अन्नच त्यावर अवलंबून असते.

समुद्राचे पाणी तांबडे किरण वरच्या काही मीटरांतच शोषून घेते. निळे किरण खोलवर पोहोचतात. या शैवलांची रंगद्रव्येही ४०० ते ५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश उत्तम प्रकारे ग्रहण करतात. म्हणून निळ्याकडे झुकणारे एल.ई.डी. दिवे वापरतात. मृदू प्रवाळांस दर चौरस मीटरवर सेकंदाला सुमारे ५० ते १५० मायक्रोमोल प्रकाशकण पुरतात, तर शाखायुक्त अ‍ॅक्रोपोरास २०० ते ३५० लागतात. दिवा आठ ते दहा तास पुरे. नवे प्रवाळ आधी तळाशी, मंद प्रकाशात ठेवून हळूहळू वर आणावे; एकदम प्रखर प्रकाश पडल्यास ते आपली शैवले गमावते व पांढरे पडते. उष्णतेचा परिणामही असाच होतो. १९९८ साली समुद्र तापला तेव्हा लक्षद्वीपची प्रवाळे मोठ्या प्रमाणावर अशीच पांढरी पडली. टाकीतील पाणी २४ ते २७ अंश सेल्सियस राखावयाचे, तर आपल्या उन्हाळ्यात शीतक यंत्रावाचून भागत नाही. आणि हा खर्च मांडणीच्या उत्साहात हटकून विसरला जातो!

आता एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट. भित्ती रचणारी प्रवाळे, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश २००१ साली वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत करण्यात आला. मन्नारचे आखात असो वा अंदमान, तेथून प्रवाळ तोडून आणणे हा गुन्हा आहे. अन्य काही देशांत एका प्रवाळाचे तुकडे कापून, कलमांप्रमाणे टाकीत वाढवून विकतात. परंतु आपल्याकडे कोणी असा जीव देऊ केला, तर तो घेण्यापूर्वी वनखात्याकडे चौकशी करावी. शाळांनी तर प्रवाळांच्या मोहात न पडता भाजलेल्या मातीचे कृत्रिम खडक आणि मासे यांवरच समाधान मानावे, असे आमचे मत आहे. मग प्रखर दिव्याचीही गरज उरत नाही.

माशांचा विचार शेवटी. मुख्यतः त्यांच्या कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया विषारी असतो. खडकांवर वाढणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट व नंतर नायट्रेट बनवितात. हे जीवाणू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत मासे सोडू नयेत. पाणी आटले म्हणजे मीठ मागे राहते, म्हणून वरून भर घालावयाची ती गोड्या पाण्याचीच.

प्रवाळांसह मासे ठेवावयाचे झाल्यास फुलपाखरू मासे टाळावेत. त्यांतील अनेक जाती प्रवाळांचे पॉलिपच खातात. नवशिक्याने २०० लिटरांच्या टाकीत मासे थोडेच ठेवावेत. विदूषक माशांची एक जोडी आरंभास उत्तम. तमिळनाडूतील मंडपम् येथील केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या केंद्रात त्यांची पैदास यशस्वी झाली आहे, आणि पाळलेल्या माशांपासून जन्मलेले मासे घेतल्यास समुद्रातील भित्तीला धक्का लागत नाही. हे मासे समुद्रपुष्पावाचूनही टाकीत सुखाने राहतात. जोडीसाठी नर-मादी ओळखण्याचा खटाटोप नको. या जातीचे सर्व मासे प्रथम नर असतात. दोन लहान मासे एकत्र ठेवले की त्यांतील वरचढ ठरणारा पुढे मादी होतो.