मधल्या नटाला हात लावू नका

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ साली थांबलं, तरी आमच्या रत्नागिरीकडे ती अजून आंब्याच्या पेट्या वाहते आणि पाहुण्यांना स्टेशनवरून घरी आणते. आमचीही त्यातलीच. इंजिनाबद्दल तक्रार नाही; पण महामार्गाचे खड्डे आणि समुद्राचा खारा वारा या दोघांनी मिळून खालचं सगळं खिळखिळं केलेलं. तिचे शॉकअप मी घरीच बदलतो. पैसे वाचतात हे खरंच, पण कुठला नट किती आवळलाय हे आपलं आपल्याला माहीत असतं, ते सुख वेगळं. तरी या कामातला एक तुकडा मी घरी करत नाही, आणि हौशी माणसाने कुणीच करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तो सातव्या मुद्द्यात येईल.

१. गाडी उसळली की लगेच दुकान गाठू नका.

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअपचं काम त्या स्प्रिंगला आवरायचं. आत पिस्टन असतो, त्याला बारीक भोकं आणि झडपा असतात. त्यातून तेल रेटलं जातं आणि उसळी उष्णतेत जिरते. म्हणून खराब रस्त्यावरून आल्या आल्या गाडी थांबवून चारही शॉकअपना जपून बोट लावून बघावं. तीन कोमट आणि एक थंडगार असेल, तर तो थंडवाला कामचुकार.

बंपर दाबून सोडायचा आणि गाडी किती डुलते ते बघायचं, ही परीक्षा जो तो करतो. तिच्यात पार गेलेला शॉकअप नापास होतो, अर्धमेला मात्र खुशाल पास होतो. मी टायरवर जास्त भरवसा ठेवतो. तळवा टायरवरून गोल फिरवला आणि हाताला उंचसखल चट्टे लागले, तर चाक रस्त्यावर टेकून चालत नाहीये, नाचतंय. नळीवर तेलाचा हलका ओशटपणा असला तर चालतो. ओघळ येऊन त्यावर धुळीचा काळा थर बसला असेल तर सील गेलं. नुसती खडखड ऐकू येत असेल, तर ती पुष्कळदा शॉकअपची नसतेच. बुश किंवा बॉल जॉइंट झिजलेला असतो. टॉमीने हलवून ते आधी तपासा, नाहीतर नवीन शॉकअप घालूनही खडखड तिथल्या तिथेच.

२. बदलायचे तर जोडीने.

पुढचे दोन, नाहीतर मागचे दोन. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला म्हातारा असला, की ब्रेक मारताना आणि वळणावर गाडी दोन तऱ्हेने वागते. यात काटकसर नको.

३. यादीत रबराचं सामान विसरू नका.

पुढचा स्ट्रट एकदा खोलला की वरचं माउंटिंग, त्यातलं बेअरिंग, बंप स्टॉप आणि धुळीचं रबरी आवरण बदलूनच टाकावं. हे सामान स्ट्रटच्या मानाने स्वस्त असतं, आणि मागाहून एवढ्यासाठी पुन्हा सगळं उघडायचं म्हणजे दुप्पट मजुरी, मग ती स्वतःचीच का असेना. नायलॉनची चकती असलेले नट पुन्हा वापरू नयेत, नवे आणावेत. दुकानदाराला गाडीचं साल आणि मॉडेल सांगून भागत नाही. जुना नग सोबत न्या आणि काउंटरवर दोन्ही शेजारी उभे करून उंची, बोल्टची भोकं, होजची खाच जुळवून घ्या.

४. गाडी जॅकवर उभी असेल तर अंगाचा कुठलाही भाग तिच्याखाली नको.

आमचं अंगण जांभ्याचं. दिसायला दगड, पण जॅकचा पाय टेकला की भुसभुशीत जागी तो खाली बसतो. सोसायटीतल्या पेव्हर ब्लॉकचीही तीच कथा. खाली जाड फळी घालायची, पहिला गिअर टाकायचा, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून दगड लावायचे आणि गाडी उचलून लगेच लोखंडी स्टँडवर ठेवायची. विटा रचून त्यावर गाडी ठेवणारे बहाद्दर मी पाहिलेत. वीट तडकते तेव्हा आधी सांगत नाही. चाकाचे नट मात्र चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करून घ्या, हवेत चाक नुसतं फिरत राहतं.

५. वेळ शॉकअप बदलायला लागत नाही, गंजलेला बोल्ट निघायला लागतो.

कोकणात तर हे ब्रह्मवाक्य समजा. आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशने आटे घासायचे, गंज सोडवणारं तेल मारायचं आणि झोपायचं. सकाळी पुन्हा मारायचं. षटकोनी डोक्यावर नीट बसणारा बॉक्स पानाच वापरा. ओपन पान्याने कडा गोल झाल्या की मग ग्राइंडरशिवाय सुटका नाही. लांब पाइप लावून जोर करायचा असेल तर गाडी स्टँडवर हलत नाही ना, ते आधी बघा.

६. सुरुवात मागच्या बाजूने करा.

८०० ला मागे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, त्यामुळे स्प्रिंग न काढता शॉकअप बदलता येतो. घरी शिकायला हीच जागा उत्तम. फक्त एक ध्यानात ठेवा: शॉकअप सुटण्याआधी ॲक्सलखाली दुसरा जॅक हवा. शॉकअपनेच ॲक्सलला खाली जाण्यापासून अडवलेलं असतं. तो निघाला की ॲक्सल लोंबकळतो, ब्रेकचा होज ताणला जातो आणि स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. जॅक हळूहळू खालीवर केला की नव्या शॉकअपचं भोक बोल्टसमोर आपोआप येतं.

७. पुढचा स्ट्रट: उतरवा घरी, सोडवा गॅरेजमध्ये.

पुढे मॅकफर्सन स्ट्रट. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची ही रचना १९५० साली ब्रिटनच्या फोर्ड कॉन्सल आणि झेफर या गाड्यांमध्ये आली. कमी जागेत, कमी सुट्या भागांत काम भागतं, म्हणून पुढे छोट्या गाड्यांनी ती उचलली. पण यात स्प्रिंग शॉकअपवरच दाबून बसवलेली असते, आणि चाकाचा नकल त्यालाच बोल्टने धरलेला असतो. म्हणजे हा नुसता शॉकअप नाही, गाडीचा खांब आहे.

खालचे दोन बोल्ट काढण्याआधी स्ट्रट आणि नकल यांच्या जोडावर खिळ्याने रेघ ओढून ठेवा. ब्रेकचा होज क्लिपमधून मोकळा करा. बोल्ट निघताच नकल बाहेरच्या बाजूला कलंडतो. तो तारेने वर बांधा. तसाच लोंबत राहिला तर होजवर भार येतो आणि ड्राइव्ह शाफ्टचा सांधा आतून निसटू शकतो. मग बॉनेट उघडून माउंटिंगचे कडेचे नट काढा. शेवटचा नट काढताना खालून कुणीतरी स्ट्रट धरायला हवा. आमच्याकडे हे काम बायको करते, आणि "सोडू का?" असं मला तीनतीनदा विचारायला लावते. योग्यच आहे.

आता तो मधला नट. आमच्या नाक्यावरच्या गॅरेजवाल्या पोराने पहिल्यांदाच बजावलं होतं, "काका, बाकी सगळं खोला, पण मधल्या नटाला हात लावू नका हां!" दाबलेली स्प्रिंग त्या एका नटाने अडवून धरलेली असते. स्प्रिंग आवळून न धरता तो काढला, तर माउंटिंगसकट सगळं उसळून तोंडावर येतं. जबडा फुटेल, जीवही जाईल. बाजारात दोन आकड्यांचं, स्क्रूने आवळायचं हत्यार मिळतं. ते समोरासमोर बसवून दोन्हीकडून थोडं थोडं आवळायचं असतं; एक आकडा सरकला की स्प्रिंग वाकडी होऊन निसटते. माझ्याकडे ते हत्यार आहे आणि फडताळात पडून आहे. गॅरेजमध्ये पायावर पक्कं बसवलेलं यंत्र असतं आणि हाताला रोजची सवय असते. मी दोन्ही स्ट्रट पोत्यात घालून रिक्षाने नेतो, समोर उभा राहून स्प्रिंग नव्या स्ट्रटवर चढवून घेतो आणि परत आणतो. त्याची मजुरी मी आनंदाने देतो. समोर उभं एवढ्यासाठी राहायचं, की स्प्रिंगचं खालचं टोक बैठकीतल्या खाचेत बरोबर टेकलंय का, ते आपल्या डोळ्यांनी दिसतं.

८. पिस्टनच्या दांड्याला पक्कड लावू देऊ नका.

नट आवळताना दांडा सोबत फिरतो, आणि घाईत कुणीही पकडीने धरतो. त्या चकचकीत दांड्यावर एक ओरखडा उठला की तो दर खेपेला सील कापत राहतो. दांडा धरायला टोकाला खाच किंवा चपट्या कडा असतात, तिथेच धरावं. तेलाचा नवा शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो. बसवण्यापूर्वी उभा धरून काही वेळा पूर्ण दाबून-ओढून घ्या, म्हणजे आत अडकलेली हवा वर निघून जाते. पहिले एक-दोन दाब पोकळ लागतात, मग हाताला सलग जड विरोध जाणवतो.

९. रबरी बुशचे बोल्ट शेवटी, गाडी चाकांवर उभी असताना आवळा.

चाक हवेत असताना आवळले, तर बुश त्याच स्थितीत पकडला जातो आणि गाडी खाली आल्यावर कायम पिळलेला राहतो. रबर लवकर फाटतं, आणि लोक मालाला शिव्या देतात. आधी हाताने बसवा, गाडी खाली घ्या, बंपर दाबून गाडी दोनदा डुलवा, मग टॉर्क पाना.

१०. अलाइनमेंट त्याच आठवड्यात.

खिळ्याची रेघ तुम्हाला अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सरळ नेते, तेवढंच तिचं काम. थोडं चालवून झालं की सगळे नट पुन्हा एकदा पान्याने तपासा. जुने नग भंगारात देताना त्यात तेल आहे आणि काहींत दाबलेला गॅस आहे, हे भंगारवाल्याला आवर्जून सांगा. तो गॅस कटर घेऊनच बसलेला असतो.