जीपीएस संदेशांचे रूपांतर : घरगुती हवामान केंद्रासाठी अचूक वेळ, स्थान आणि उंची

शेतावर किंवा घराच्या गच्चीवर बसविलेले हवामान केंद्र पाऊस, तापमान, आर्द्रता व हवेचा दाब यांच्या नोंदी ठेवते. केंद्राची वेळ, स्थान आणि समुद्रसपाटीपासूनची उंची अचूक नसेल, तर या नोंदींचा उपयोग मर्यादित राहतो. फवारणीचा दिवस ठरविणे, रोगाचा अंदाज बांधणे किंवा शेजारच्या केंद्राशी तुलना करणे या सर्व गोष्टी त्यामुळे चुकू शकतात. अल्पखर्चिक जीपीएस संवेदक ही तिन्ही मूल्ये पुरवतो. मात्र त्याचे संदेश हवामान सॉफ्टवेअरला अपेक्षित असलेल्या स्वरूपात नसतात, म्हणून त्यांचे रूपांतर करावे लागते.

संदेशाची रचना

बहुतेक संवेदक एनएमईए ०१८३ या मानकानुसार दर सेकंदाला मजकुराच्या ओळी पाठवतात. ओळीचा प्रारंभ डॉलरच्या चिन्हाने होतो, माहितीचे रकाने स्वल्पविरामांनी विभागलेले असतात आणि शेवटी तारकाचिन्हानंतर दोन अंकी पडताळणी संख्या येते. हवामान केंद्रासाठी दोन संदेश पुरेसे ठरतात : तारीख, वेळ व स्थान देणारा आरएमसी आणि उंची देणारा जीजीए. इंदूरजवळच्या एखाद्या शेतावरील आरएमसी संदेशाचा आरंभ देवनागरीत पुढीलप्रमाणे मांडता येईल :

$जीएनआरएमसी,०३००००.००,ए,२२४३.१२००,एन,०७५५१.४८००,ई

पहिल्या रकान्यातील आरंभीची दोन अक्षरे उपग्रह प्रणाली दर्शवितात. केवळ जीपीएससाठी ‘जीपी’, तर एकाहून अधिक प्रणालींसाठी ‘जीएन’ ही अक्षरे येतात. फक्त ‘जीपी’ शोधणारा प्रोग्राम नव्या संवेदकावर निकामी ठरतो. म्हणून संदेश ओळखताना शेवटची तीन अक्षरेच तपासावीत.

पायरी १ : संदेशाची पडताळणी

डॉलरचे चिन्ह व तारका यांमधील सर्व अक्षरांवर क्रमाने एक्सऑर क्रिया केल्यावर येणारी संख्या तारकेनंतरच्या षोडशमान संख्येशी जुळली पाहिजे. न जुळल्यास संदेश सोडून द्यावा. त्यानंतर स्थितीचा रकाना पाहावा. ‘ए’ म्हणजे माहिती ग्राह्य, ‘व्ही’ म्हणजे अग्राह्य. उपग्रह दिसत नसताना काही रकाने रिकामे येतात. ते गाळल्यास पुढील रकान्यांचा क्रम बिघडतो, म्हणून रिकामे रकानेही मोजावेत.

पायरी २ : अक्षांश-रेखांश

वरील उदाहरणातील २२४३.१२०० हा आकडा दशांश अंश नव्हे. पहिले दोन अंक अंश, तर उर्वरित भाग मिनिटे होत. रेखांशात पहिले तीन अंक अंशांचे असतात. मिनिटांना ६० ने भागून अंशांत मिळवावे :

अक्षांश : २२ + (४३.१२ ÷ ६०) = २२.७१८७
रेखांश : ७५ + (५१.४८ ÷ ६०) = ७५.८५८०

केवळ दशांशचिन्ह सरकवून २२.४३१२ व ७५.५१४८ असे लिहिल्यास केंद्र नकाशावर मूळ जागेच्या नैर्ऋत्येस ४५ किलोमीटरांहून अधिक अंतरावर जाते. दक्षिण अक्षांश व पश्चिम रेखांश ऋण धरावेत. भारतात दोन्ही मूल्ये धनच राहतात.

पायरी ३ : वेळ

संदेशातील वेळ आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळ असते. भारतीय प्रमाणवेळ तिच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. ०३०००० म्हणजे भारतात सकाळचे ८.३० वाजलेले असतात. याच वेळी भारतीय हवामानशास्त्र विभाग मागील २४ तासांचा पाऊस मोजतो. हे रूपांतर राहून गेल्यास केंद्राचे ‘८.३०’ प्रत्यक्षात दुपारी २ वाजता होतात आणि सकाळी ८.३० नंतर दुपारपर्यंत पडलेला पाऊस आदल्या दिवसाच्या नावे जमा होतो. सायंकाळी ६.३० नंतर संदेशात तीच वेळ १३ तासांची दिसते, परंतु मध्यरात्रीनंतर पहाटे ५.३० पर्यंत संदेशातील तारीख भारतीय तारखेच्या एक दिवस मागे असते. म्हणून तारीख व वेळ एकत्र धरूनच रूपांतर करावे.

वीवेक्ससारखे सॉफ्टवेअर नोंदी युनिक्स वेळेत साठवते आणि दाखविताना संगणकाच्या स्थानिक वेळेचा उपयोग करते. अशा वेळी संगणकाचा वेळविभाग भारतीय ठेवावा. साडेपाच तास स्वतंत्रपणे मिळवू नयेत, अन्यथा फरक दोनदा लागू होतो. जुन्या संवेदकांबाबत वर्षही तपासावे. जीपीएसची सप्ताहगणना १,०२४ आठवड्यांनी शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ रोजी असे घडले, तेव्हा काही उपकरणे सुमारे १९.६ वर्षे मागची तारीख दाखवू लागली.

पायरी ४ : उंची

जीजीए संदेशात सरासरी समुद्रसपाटीपासूनची उंची आणि त्यापुढे भूरूप व गणिती पृथ्वीपृष्ठ यांतील फरक असे दोन आकडे येतात. सॉफ्टवेअरमध्ये पहिलाच आकडा भरावा. भारतात दुसरा आकडा ऋण असून अनेक ठिकाणी तो ५० मीटरांहून मोठा आहे. समुद्रसपाटीजवळ उंची ८ ते ९ मीटरांनी वाढली की हवेचा दाब सुमारे १ हेक्टोपास्कलने घटतो. त्यामुळे ५० मीटरांची चूक समुद्रसपाटीच्या दाबात ५ ते ६ हेक्टोपास्कलांची तफावत निर्माण करते. उष्ण कटिबंधातील दाबाचा दैनंदिन चढउतारच साधारण ३ ते ४ हेक्टोपास्कलांचा असल्याने ही चूक नगण्य मानता येत नाही. उपग्रहांवरून मिळणारी उंची क्षणोक्षणी बदलते, म्हणून काही तासांच्या वाचनांची सरासरी घ्यावी.

व्यवहारात काय करावे

केंद्र स्थिर असल्याने स्थान व उंची एकदाच निश्चित करून सॉफ्टवेअरच्या मांडणी-फाइलमध्ये नोंदवावी. संवेदकाकडून सतत घ्यायची ती केवळ वेळ. रास्पबेरी पायसारख्या लघुसंगणकावर जीपीएसडी हा मुक्त प्रोग्राम चालविल्यास तो पडताळणी व दशांश अंशांतील रूपांतर स्वतः करतो. तरीही पहिल्या दिवशी मिळालेले स्थान नकाशावर, वेळ आकाशवाणीच्या वेळेशी आणि दाब जवळच्या अधिकृत केंद्राच्या नोंदीशी पडताळून पाहावा. हे तीनही जुळल्यानंतरच पावसाच्या व दाबाच्या नोंदी निर्णयासाठी वापराव्यात.