वृद्धांसाठी न्हाणीघर व शौचालय : उपदेश नको, आधार हवा



स्मरणिकेत न्हाणी आणि संडास हा विषय पाहून काही वाचकांना आश्चर्य वाटेल. परंतु ज्या घरात सत्तरी ओलांडलेले आईवडील आहेत, त्या घराने हा विषय टाळून चालणार नाही. माणूस घराबाहेर पडतो तेव्हा सांभाळून चालतो. घरात मात्र तो निर्धास्त असतो आणि ओल्या फरशीवर पाय घसरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्यू पावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो, आणि त्यांत साठीच्या पुढच्या माणसांचे प्रमाण सर्वांत अधिक आहे.

आमच्या पाहण्यातील एक आजी संध्याकाळी पाच वाजल्यानंतर पाणी पीत नसत. उन्हाळ्यातही नाही. घरच्यांना वाटे, म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते. एकदा नातीने विचारले तेव्हा आजींनी खरे सांगितले : "रातीला उठावं लागतं गं. अंगणातला संडास लांब, पायरी उंच, धरायला काही नाही. पडले तर तुम्हांलाच तरास." पडण्याच्या भीतीने त्या तहान मारीत होत्या. त्या पडल्या नव्हत्या, तरी त्या संडासाने त्यांना अर्धे आजारी करून ठेवले होते. पाणी कमी प्यायल्याने लघवीची जळजळ, बद्धकोष्ठता आणि चक्कर वाढते, आणि चक्कर आली की पडण्याचा धोकाही वाढतो.

आपण घरातील वृद्धांना दिवसातून दहा वेळा सांगतो, "जपून चाला, सांभाळून उठा." हे बोलणे प्रेमाचे असते, पण त्यात दोष नकळत त्यांच्यावरच जातो. पडले तर तेच चुकले! वास्तविक गुडघा कमजोर होणे, नजर मंदावणे, तोल जाणे हा वयाचा धर्म आहे. तो उपदेशाने बदलत नाही. न्हाणी आणि संडास मात्र बदलता येतात. या लेखात आम्हांला एवढेच सांगावयाचे आहे की, माणसाला दोष देऊ नका, जागा दुरुस्त करा.

विनयपिटकातील दाखला

हा विचार आपल्याला नवा नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात विहाराच्या बांधणीविषयी अनेक बारीकसारीक अनुज्ञा आहेत. शौचकुटीच्या पायऱ्या चढताना भिक्खू पडत, म्हणून भगवंतांनी धरण्यासाठी कठडा बांधण्यास अनुमती दिली. पुढे वार्धक्याने दुर्बल झालेला एक भिक्खू शौचानंतर उठताना पडला. ही गोष्ट भगवंतांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी धरून उठण्यासाठी आधार लावण्याची अनुज्ञा दिली. पालीत त्याला 'ओलंबक' असे नाव आहे. स्नानगृहात चिखल होई, म्हणून वीट, दगड किंवा लाकूड यांची फरसबंदी, पाणी वाहून जाण्यासाठी मोरी आणि बसण्यासाठी पीठ यांनाही अनुमती मिळाली.

विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या वृद्ध भिक्खूला सावधपणाचे प्रवचन दिले गेले नाही. कुटीत सुधारणा झाली. आज शहरातील दुकानांत मिळणारा स्टीलचा चकचकीत दांडा हा त्या ओलंबकाचाच वंशज होय.

आपल्या घरांची स्थिती

सारोळे हे नीरा नदीकाठचे, पुणे-सातारा रस्त्यावरचे गाव. घरातील तरुण मंडळी शिरवळ, खेड-शिवापूर किंवा पुण्यास कामाला जातात. दिवसभर घरी वृद्ध माणसे एकटी असतात. जुन्या घरांत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दगडी न्हाणी आणि संडास अंगणाच्या टोकाला, अशी रचना आढळते. २ ऑक्टोबर २०१४ रोजी सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानात पात्र कुटुंबांना १२,००० रुपये प्रोत्साहन अनुदान मिळाले व गावोगावी शौचालये उभी राहिली. हे मोठेच काम झाले. पण या लहान खोल्यांत बसण्याचे भांडे जमिनीलगत, दार अरुंद आणि उंबरठा उंच असतो. भोर-वेल्हे भागातील पावसात अंगणातील वाट शेवाळते, ती अडचण वेगळीच. नव्या घरांत गुळगुळीत टाइल्स येतात. त्या दिसायला सुंदर असतात, पण साबणाच्या पाण्याने काचेसारख्या निसरड्या होतात.

दुरुस्ती कोठून सुरू करावी?

सर्व न्हाणीघर पाडून नवे बांधण्याची गरज नसते. पुढील क्रमाने, ऐपतीप्रमाणे एकेक काम करावे.

१. धरण्याचा दांडा. हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम. सव्वा ते दीड इंच व्यासाचा जी.आय. किंवा स्टेनलेस स्टीलचा पाइप घ्यावा. भिंत आणि पाइप यांत दीड-दोन इंच जागा ठेवावी, म्हणजे बोटे नीट मावतात पण हात अडकत नाही. आडवा दांडा दाबून उठण्यासाठी आणि उभा दांडा धरून ओढून घेण्यासाठी असतो, म्हणून दोन्ही असावेत. उंची पुस्तकावरून ठरवू नये. ज्यांच्यासाठी दांडा आहे त्यांना तेथे बसवून, उठवून, त्यांचा हात सहज जाईल तेथे खडूने खूण करावी.

येथे एक धोक्याची सूचना. विटा-सिमेंटच्या पक्क्या भिंतीत अँकर फास्टनरने दांडा घट्ट बसतो. दगडमातीच्या जुन्या भिंतीत साधा प्लग-स्क्रू टिकत नाही, ऐन वेळी उपटून येतो. अशा घरी जाड पाइप जमिनीत दीड फूट खोल काँक्रीटमध्ये गाडून खांबासारखा उभा करावा. दांडा बसवल्यावर घरातील दोन धडधाकट माणसांनी त्यावर भार टाकून पाहावा. टॉवेलचा रॉड, नळ किंवा बेसिन यांना आधार समजू नये.

२. कोरडी व खरबरीत जमीन. खरबरीत शहाबादी फरशी किंवा अँटीस्किड टाइल्स वापराव्यात. उतार मोरीकडे असावा, पाणी साचू नये. शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून घासून काढावे व भरपूर पाण्याने धुवावे. पाय पुसण्यासाठी टाकलेले गोणपाट आणि जुन्या साडीचे तुकडे पायात गुंततात, ते काढून टाकावेत. अंगणातील वाटेवर फरशी किंवा खरबरीत कोबा करावा.

३. बसण्याची उंची. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उकिडवे बसणे हीच शिक्षा असते. बैठक सुमारे १८ इंच उंच असावी. बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. परंतु गावातील दोन खड्ड्यांच्या शौचालयाचे भांडे उताराचे असते व त्याला दीड-दोन लिटर पाणी पुरते. त्याजागी टाकीसह मोठा कमोड बसवला तर पाणी अधिक लागते आणि खड्डे लवकर भरू शकतात. म्हणून आहे त्याच भांड्यावर मध्ये भोक असलेली, पायांना रबर लावलेली भक्कम कमोड खुर्ची ठेवणे हा सोपा मार्ग होय. त्याच भांड्यावर इतरांचीही सोय राहते.

४. अंघोळ. उभ्याने अंघोळ करण्याचा आग्रह वृद्धांनी सोडावा. १६ ते १८ इंच उंचीचा सिमेंटचा कट्टा बांधावा. तो सरकत नाही. प्लास्टिकची खुर्ची ओल्या फरशीवर सरकते, म्हणून तिच्या पायांना रबरी टोपणे हवीतच. बादली लहान चौरंगावर ठेवावी, म्हणजे प्रत्येक तांब्यासाठी वाकावे लागत नाही. बादलीत आधी थंड आणि मग गरम पाणी ओतावे. साठ अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते, आणि मधुमेहींना चटका उशिरा कळतो. बंबातील कढत पाण्याची बादली वृद्धांनी उचलू नये. पाणी तापवण्याचा विजेचा रॉड असेल तर बटण बंद करून, प्लग काढूनच पाण्याला हात लावावा.

५. दार व उंबरठा. दार बाहेर उघडणारे असावे. आत माणूस पडला तर त्याच्या अंगामुळे आत उघडणारे दार अडते आणि मदत पोहोचत नाही. चाकांच्या खुर्चीसाठी तीन फूट मोकळी रुंदी लागते. उतार करावयाचा तर १२ इंच लांबीला १ इंच चढ, हे प्रमाण धरावे. म्हणजे ६ इंचांच्या उंबरठ्याला ६ फूट लांब उतार लागतो. एवढी जागा नसेल तर आखूड, तीव्र उतार करू नये. तो पायरीहून घातक. त्यापेक्षा रुंद व कमी उंचीच्या दोन पायऱ्या आणि बाजूला दांडा बरा.

कडी हा नाजूक विषय आहे. वृद्धांनी आतून कडी लावू नये असे आपण म्हणतो, पण लाज राखण्याचा हक्क त्यांनाही आहे. विनयपिटकात यावरही सुंदर व्यवस्था आहे. बाहेरच्याने आधी खाकरावे आणि आत कोणी असेल तर त्यानेही खाकरून उत्तर द्यावे. आपल्या घरात हाच नियम लावला तर कडीची गरज उरत नाही.

६. उजेड. अंथरुणापासून संडासापर्यंतच्या वाटेवर दिवा हवा, आणि त्याचे बटण अंथरुणावरून हात पोहोचेल असे. मोतीबिंदू असलेल्यांना पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा कमोड किंवा पांढरा दांडा उठून दिसत नाही. पायरीच्या कडेला पिवळा पट्टा आणि दांड्याला गडद रंग द्यावा.

शरीराची काळजी

झोपेतून एकदम उठल्यास रक्तदाब उतरून अंधारी येते. म्हणून उठल्यावर थोडा वेळ अंथरुणावरच बसावे, मग दांडा धरून उभे राहावे. दिवसा पाणी भरपूर प्यावे. झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांनी चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगावे, मनाने गोळी बंद करू नये.

कोणी पडलेच तर घाईने ओढून उभे करू नये. मांडीच्या सांध्यात तीव्र वेदना असेल, एक पाय आखूड व बाहेर वळलेला दिसत असेल तर हाड मोडल्याची शक्यता असते. त्यांना हलवू नये, पांघरूण घालावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शासकीय साहाय्य

राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तीत ६५ वर्षे पूर्ण केलेल्या व उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या ज्येष्ठांना साहाय्यक साधनांसाठी एकदा ३,००० रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. साधनांच्या यादीत कमोड खुर्ची व घडीचा वॉकर यांचा समावेश आहे. अर्ज करण्यापूर्वी चालू नियमांची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांकही आहे. आईवडिलांच्या पालनपोषणाचे दायित्व २००७ च्या कायद्याने मुलांवर टाकलेले आहे. परंतु न्हाणीत दांडा लावण्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागू नये.

आपले कर्तव्य

आज ऐंशीच्या घरात असलेल्या आपल्या अनेक माता-पित्यांनी लहानपणी वेगळ्या पाणवठ्यावरून डोक्यावर हंडे वाहिले. पाण्याच्या हक्कासाठी १९२७ साली महाडला जे घडले ते त्यांनी आपल्या आईबापांच्या तोंडून ऐकले. आता पाणी नळाने घरात आले, आणि त्याच पाण्यावर पाय घसरेल म्हणून त्या माउलीने भ्यावे, हे आपल्याला शोभत नाही. अतिसाराने लोळत पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदासह स्वतःच्या हाताने धुऊन स्वच्छ केले, ही कथा आपण विहारात ऐकतो. ती ऐकून घरी आल्यावर आपल्याही हाताला काही काम असले पाहिजे. वस्तीत गवंडी, प्लंबर, वेल्डर तरुण आहेत. त्यांनी महिन्यातून एक रविवार दिला तर एकेका घरात दांडा लागू शकेल.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. आपल्या घरातील न्हाणी व संडासाच्या दाराची रुंदी, उंबरठ्याची उंची आणि बैठकीची उंची मोजून वहीत लिहा.

२. रात्री दिवा न लावता अंथरुणापासून संडासापर्यंतच्या वाटेकडे पाहा. ठेच लागेल अशा वस्तूंची यादी करा व सकाळी त्या हलवा.

३. आजी-आजोबांजवळ बसून विचारा : "तुम्हांला भीती कोठे वाटते? हात कोठे टेकावासा वाटतो?" ते दाखवतील तेथे खडूने खूण करा.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. वर सांगितलेल्या आजींना तो नातीने विचारला. त्यानंतर अंगणातील वाटेवर दिवा आला, पायरीजवळ जमिनीत एक पाइप उभा राहिला आणि जुन्या खुर्चीला मध्ये भोक पाडून ती संडासात ठेवली गेली. आजी आता रात्रीच्या जेवणानंतर तांब्याभर पाणी पितात.

जय भीम! नमो बुद्धाय!