दारू सुटल्यानंतरचे पहिले चार दिवस : लक्षणे कशी ओळखावीत?

सिंधुदुर्गाच्या किनारपट्टीवर दारू एकाएकी सुटण्याचे प्रसंग वर्षभर येत असतात. कोणी श्रावण पाळतो, कोणी गणपतीचे दिवस पाळतो, कोणी पंढरीची माळ घालतो, तर कोणी ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालून शपथ घेतो. काहींची दारू परिस्थितीमुळे थांबते. होडीवर पाय घसरून हाड मोडते, ताप येतो, शस्त्रक्रिया ठरते आणि रुग्ण खाटेवर पडून राहतो. घरच्यांना समाधान वाटते, आणि ते योग्यच आहे. परंतु जो मनुष्य अनेक वर्षे रोज व भरपूर पीत आला आहे, त्याच्यासाठी हेच पहिले चार दिवस सर्वांत धोक्याचे असतात. रुग्णांच्या कुटुंबीयांना हा धोका वेळीच ओळखता यावा, यासाठी आम्ही ही माहिती येथे देत आहोत.

असे का होते?

दारू मेंदूचे कार्य मंद करते. ती रोज मिळू लागली की मेंदू तिच्याशी जुळवून घेतो आणि स्वतःची उत्तेजना वाढवून तोल सांभाळतो. दारू अचानक थांबली की मंद करणारा घटक नाहीसा होतो, मात्र वाढलेली उत्तेजना तशीच राहते. थरकाप, घाम, झटके व भ्रम हे तिचेच परिणाम होत. डॉ. थॉमस सटन यांनी 1813 मध्ये इंग्लंडमध्ये या भ्रमावस्थेचे वर्णन केले व तिला नाव दिले. मात्र हा त्रास दारू थांबल्यामुळेच होतो, हे अमेरिकेत डॉ. हॅरिस इझ्बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1955 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने स्पष्ट झाले.

लक्षणांचा क्रम

शेवटच्या पेल्यानंतर साधारण 6 ते 24 तासांत हात थरथरू लागतात, घाम येतो, मळमळते, छाती धडधडते, झोप उडते व चिडचिड वाढते. 6 ते 48 तासांच्या दरम्यान काहींना फिटसारखे झटके येतात. 48 ते 96 तासांच्या दरम्यान काही थोड्या रुग्णांत गंभीर भ्रमावस्था येते. रुग्णाला दिवस, वेळ व स्थळ यांचे भान राहत नाही. भिंतीवर किडे दिसतात. खाटेवर बसल्या बसल्या तो जाळे ओढल्यासारखे हात हलवतो. अंगात ताप असतो व नाडी वेगाने चालते. तिसऱ्या रात्री दिसणाऱ्या या अवस्थेला घरी पुष्कळदा 'बाधा' समजले जाते आणि मोलाचे तास अन्य उपायांत जातात. देवावरील श्रद्धेला आमचा विरोध नाही. मात्र रुग्ण आधी रुग्णालयात पोहोचावा, अशी आमची विनंती आहे. वेळेवर उपचार मिळाल्यास या अवस्थेतील मृत्यूचे प्रमाण शेकडा पाचाहून कमी राहते. उपचाराविना ते कित्येक पटींनी वाढते.

दिसायला सारखे, पण वेगळे आजार

पिणाऱ्या माणसाचा प्रत्येक थरकाप दारू सुटल्यामुळेच असतो, असे नाही. पुढील आजारांची शंका मनात ठेवावी.

रक्तातील साखर उतरणे : मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्यास, किंवा उपाशीपोटी प्यायलेल्यास घाम, थरथर व गोंधळ होतो. बोटाच्या टोकावरील रक्ताच्या थेंबाने मिनिटभरात निदान होते.

लेप्टोस्पायरोसिस : पावसाळ्यात भातशेतीच्या चिखलात काम केलेल्यास जोराचा ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना, लाल डोळे, पुढे कावीळ व लघवी कमी होणे ही चिन्हे दिसतात.

डोक्यास मार : नशेत पडल्यावर कवटीच्या आत हळूहळू रक्त साचते व काही दिवसांनीही गुंगी येते.

पक्षाघात : तोंड वाकडे होते, एका बाजूची शक्ती जाते, बोलणे अडखळते.

झोपेच्या गोळ्या अचानक थांबणे : दीर्घकाळ रोज घेतलेल्या गोळ्या एकदम बंद केल्यासही असेच झटके येऊ शकतात.

कुटुंबीयांनी काय करावे?

रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पूर्वी झटके आले असतील, तर घरी प्रयोग मुळीच करू नये. रुग्ण कोणत्याही कारणाने दाखल झाला, तरी तो किती पितो व शेवटचे केव्हा प्यायला, हे लाजेखातर लपवू नये. ही एक माहिती तिसऱ्या दिवसाचे संकट टाळू शकते.

झटका आल्यास रुग्णास कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात, तोंडात काहीही घालू नये. कांदा वा चप्पल हुंगवू नये. भ्रम झालेल्यास दोरीने बांधू नये. खोलीत दिवा ठेवावा, ओळखीच्या माणसाने शांतपणे बोलत राहावे व 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मनाने झोपेच्या गोळ्या देऊ नयेत.

रुग्णालयात मेंदूची उत्तेजना शमवणारी औषधे देऊन त्यांची मात्रा काही दिवसांत उतरवत नेतात. ब-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शने देणे अत्यावश्यक असते, कारण त्याच्या अभावी स्मृतीची कायमची हानी होऊ शकते. ही औषधे फार महाग नाहीत. खरी हानी होते ती उशिरामुळे.

यानंतर पुढे

शरीर सावरले म्हणजे व्यसन सुटले, असे नव्हे. पुढचा प्रवास दीर्घ आहे. पुण्यात 1986 मध्ये डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, तसेच आपल्या जिल्ह्याला जवळ असलेली गोव्यातील बांबोळी येथील मनोरुग्ण संस्था, ही या प्रवासातील आधारस्थाने होत. दूरध्वनीवरून सल्ल्यासाठी 14446 ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती सेवा आणि ऑक्टोबर 2022 पासून सुरू झालेली 14416 ही टेलि-मानस सेवा विनामूल्य आहे.

मुक्तांगणाच्या उभारणीत एका दानशूर दांपत्याचा वाटा होता, याचे स्मरण आम्ही आमच्या देणगीदारांना आदरपूर्वक करून देतो. तसेच, दारू सोडण्याचा संकल्प करणाऱ्या प्रत्येकाच्या घरातील किमान एका माणसास ही लक्षणे ठाऊक असावीत, एवढीच सर्व वाचकांस आमची प्रार्थना आहे.